दवंडी कोणी पिटायची?

३० जुलै २०१४ रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर आला. दीडशेच्या वर माणसे चिखलाखाली गेली. ही बातमी बाहेरच्या जगाला कोणी दिली? हवामान खात्याने नव्हे, तहसील कचेरीने नव्हे, आकाशातून फिरणाऱ्या एखाद्या उपग्रहानेही नव्हे. नेहमीची फेरी घेऊन आलेल्या एस.टी.च्या चालकाला रोज जिथे गाव दिसायचे तिथे गाव दिसेना, म्हणून ती कळली. गाडीला प्रवासी मिळाले नाहीत, यावरून आम्हांला कळले की गाव गेले!

या गोष्टीला आता दहा वर्षे उलटून गेली. मध्यंतरी किती समित्या बसल्या, किती आराखडे छापले गेले, किती कार्यशाळांत किती डोकी एकत्र आली, त्याचा हिशेब ज्याला हौस असेल त्याने करावा. मी शाळामास्तर आहे. माझे शिक्षण मॅट्रिकच्या पुढे गेले नाही, आणि कादंबऱ्या लिहितो म्हणून भूगर्भशास्त्रावर बोलण्याचा अधिकार मला आला असे मी मानीत नाही. पण हजेरी घेणे हा माझा धंदा आहे. म्हणून कोण हजर होते आणि कोण गैरहजर, एवढे विचारायचा हक्क मी सोडणार नाही.

२२ जुलै २०२१. महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी खाली महाड तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळली. ऐंशीच्या वर माणसे गेली. १९ जुलै २०२३. रात्रीची वेळ, खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी, ठाकरांची वस्ती. सत्तावीस मृतदेह मिळाले, सत्तावन्न माणसे मिळालीच नाहीत, आणि चार दिवसांनी शोध थांबवून त्यांना बेपत्ता ठरवण्यात आले. वाडीला रस्ताच नव्हता, म्हणून यंत्रे वर गेली नाहीत. माणसांनी फावड्यांनी आणि हातांनी माती उपसली. आदल्या तीन दिवसांत त्या परिसरात सुमारे पाचशे मिलिमीटर पाऊस झाला होता, हे विधानसभेत सांगण्यात आले. आणखीही एक गोष्ट त्याच सभागृहात सांगण्यात आली : इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती.

हे उत्तर ऐकल्यापासून माझ्या मनातून जात नाही. सांगणाऱ्याने ते खरेच सांगितले. पण सुरात जणू असा भाव, की यादीत नसलेल्या वाडीने पडायलाच नको होते! डोंगराने यादी वाचली नाही, ही डोंगराची चूक. आपल्याकडे याद्यांचा इतिहासच असा आहे. किल्लारीचा भाग भूकंपाच्या नकाशात सर्वांत निर्धोक पट्ट्यात रंगवलेला होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तिथे सुमारे आठ हजार माणसे दगडमातीच्या भिंतींखाली मेली, आणि मग नकाशाचा रंग बदलला. भूकंपाची आगाऊ सूचना देता येत नाही, हे मलाही ठाऊक आहे. तिथे नकाशा हीच सूचना असते, म्हणूनच तो चुकला की इतका महाग पडतो. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच; फरक इतकाच की इथे वरात माणसांची नसते, तिरड्यांची असते.

बरे, यादीत नाव आले म्हणजे तरी काय होते? आमच्याकडच्या एका वाडीचे नाव यादीत आहे. दर जूनमध्ये तिथे एक कागद येतो. आपले घर धोकादायक ठिकाणी आहे, सबब आपण सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे, अन्यथा होणाऱ्या परिणामांस आपण जबाबदार राहाल. सुरक्षित स्थळ कोणते, ते कागदात नसते. कोणत्या दिवशी, किती पाऊस झाल्यावर निघायचे, तेही नसते. भाताची कणगी, म्हैस आणि अंथरुणाला खिळलेला सासरा यांचे काय करायचे, हा प्रश्न तर त्या कागदाला पडतच नाही. एका बाईने तो कागद मला वाचायला दिला. मी वाचून दाखवला. ती म्हणाली, "म्हणजे आम्ही मेलो तर त्यांच्यावर नाही, एवढंच ना?" या कागदाचे इतके अचूक रसग्रहण कोणाही विद्वानाला साधले नसते.

यालाच आपण इशारा म्हणतो! इशारा हा शब्द एके काळी स्वस्त नव्हता. गावचा कोतवाल हलगी वाजवीत चावडीपासून निघे, आणि काय झाले, कोणी काय करायचे, कधी करायचे, हे तीन वाक्यांत सांगे. ऐकणाऱ्याला तो ठाऊक असे, त्याला उलट प्रश्न विचारता येत असे. आज काय येते? जिल्ह्याला लाल इशारा. हवामान खात्याच्या भाषेत चोवीस तासांत २०४.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस म्हणजे अत्यंत मुसळधार; तशी शक्यता दिसली की लाल. शास्त्र म्हणून ते ठीक आहे, आणि त्या खात्याची चेष्टा करण्याचा हेतू माझा नाही. वादळांच्या बाबतीत त्याचे अंदाज पुष्कळ सुधारले आहेत. पण जिल्हा म्हणजे काय एक परात आहे, की पाणी सगळीकडे सारखे उभे राहील? महाबळेश्वरला वर्षाकाठी सहा हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस, आणि तिथून घाट उतरून तीस-बत्तीस किलोमीटरांवर वाईला त्याचा सातवा-आठवा हिस्सा. दोन्ही गावे एकाच जिल्ह्यात, दोघांना इशारा वर्षानुवर्षे एकच येत असे! वाईकर खिडकीतून कोरडे आकाश पाही आणि इशाऱ्याला हसायला शिके. पुढच्या वेळी तो कोयनेच्या खोऱ्यात बहिणीकडे गेला असला तरी हसतोच.

आपल्याकडे पावसाची मोजणी फार तर महसूल मंडळागणिक होते. एका मंडळात किती खोरी, किती कडे, किती वाड्या! मापक खाली बाजारगावात उभा असतो आणि पाऊस वर कड्यावर कोसळत असतो. दरडीला मात्र नेमका वरचाच पाऊस लागतो : दोन-तीन दिवस सतत मुरलेला, मुरुमाखालच्या कातळापर्यंत पोहोचलेला, आणि मग त्यावर रात्रीतून आलेला एक जोराचा सडाका. हे गणित अवघड नाही. तिसरी-चौथीतले मूल बेरीज करू शकते.

तसे ते इतरत्र केले गेलेले आहे. केरळात वायनाड जिल्ह्यात कल्पेट्टा इथे ह्यूम सेंटर नावाची एक संस्था आहे. तिने जिल्हाभर दोनशेच्या वर साधे पर्जन्यमापक बसवले. त्यांतले पुष्कळसे आकडे शेतकरी आणि मळ्यांतली माणसे रोज कळवतात. २०२० साली मुंडक्कई परिसरात त्या आकड्यांवरून सूचना गेली, लोक हलवले गेले, दरड आली आणि जीवितहानी टळली. २०२४ सालीही दरडीच्या सुमारे सोळा तास आधी तिने जिल्हा प्रशासनाला कळवले होते. पण या खेपेस ३० जुलैच्या मध्यरात्रीनंतर मुंडक्कई आणि चूरलमला ही गावे वाहून गेली, आणि अडीचशेहून अधिक माणसे मेली. मग संसदेत वाद झाला : केंद्राने इशारा दिला होता, की नव्हता, कोणत्या रंगाचा दिला होता, कोणत्या तारखेला दिला होता. मेलेल्यांपैकी कोणी तो रंग पाहिला होता का, हे विचारायचे राहून गेले.

तारीख पाहिलीत? ३० जुलै. माळीणची दहावी पुण्यतिथी. त्याच महिन्यात १९ जुलैला, म्हणजे इर्शाळवाडीच्या बरोबर वर्षश्राद्धाच्या दिवशी, कोलकात्यात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या राष्ट्रीय भूस्खलन पूर्वानुमान केंद्राचे उद्घाटन झाले. कादंबरीत असे दोन योगायोग एका महिन्यात घातले असते तर माझ्या प्रकाशकाने एक खोडून टाकला असता. ते केंद्र निघाले हे चांगलेच झाले. प्रारंभीचे त्याचे अंदाज दार्जिलिंग, कालिम्पाँग आणि निलगिरी यांच्यासाठी होते. सह्याद्रीचा क्रम केव्हा लागतो ते पाहू; पण तोवर डोंगर थांबेल अशी हमी कोणी दिलेली नाही.

यावर दोन उत्तरे नेहमी मिळतात. पहिले, निसर्गापुढे इलाज नाही. चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले आणि वीसहून अधिक माणसे वाहून गेली. ते गळत असल्याच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधी केल्या होत्या. तेव्हा त्या खात्याच्या मंत्र्यांनी खापर खेकड्यांवर फोडले होते. निसर्गावर विश्वास ठेवावा तो असा! गावकऱ्यांचा अर्ज हाही इशाराच असतो; पण तो खालून वर जातो, आणि आपली यंत्रणा केवळ वरून खाली ऐकू येईल अशीच बांधलेली आहे.

दुसरे उत्तर अधिक लबाड आहे : लोकच हलत नाहीत. मग ओडिशाचे लोक कोणत्या मातीचे? २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे दहा हजारांच्या घरात माणसे मेली. ऑक्टोबर २०१३ मध्ये फायलिन आले, तेव्हा सुमारे दहा लाख माणसे आधीच हलवली होती, आणि मृतांचा आकडा पन्नासाच्या आत राहिला. त्या चौदा वर्षांत ओडियांचा स्वभाव बदलला, असे कोणी म्हणत नाही. किनाऱ्याला पक्के निवारे उभे राहिले, गावातल्याच पोरांना शिकवून तयार केले, आणि निघा म्हणून सांगणाऱ्याजवळ कुठे जायचे याचे उत्तर होते. आपल्याकडे निवारा म्हणजे शाळा, आणि शाळा म्हणजे पावसाळ्यात जिच्या चार खोल्यांपैकी दोन गळतात ती. जो एकदा तिथे रात्र काढून घरी परतला आणि ज्याच्या कोंबड्या मधल्या मध्ये नाहीशा झाल्या, तो दुसऱ्या खेपेस आढेवेढे घेतो. त्याला अडाणी म्हणायला आपल्याला लाज वाटली पाहिजे.

आणि इशारा चुकला तर? चुकू द्या! दहातले सात चुकतील. चुकलेल्या इशाऱ्याने एक रात्र जाते. इर्शाळवाडीच्या वारसांना माणशी पाच लाख रुपये जाहीर झाले. साधा पर्जन्यमापक काही हजारांत येतो. सह्याद्रीच्या कुशीतल्या प्रत्येक शाळेत एक मापक, दर तीन दिवसांच्या पावसाची एक बेरीज, त्या खोऱ्यापुरता आधी ठरवलेला एक आकडा, आणि तो ओलांडला की वरच्या हुकमाची वाट न पाहता वाडी रिकामी करण्याचा अधिकार गावातल्या एका माणसाला. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी आम्ही मास्तर उद्यापासून करू. तिसरीसाठी भूवैज्ञानिक हवा, आणि त्याने एकदा तरी डोंगर चढला पाहिजे. चौथी मात्र कोणी देणार नाही. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्ह्याचे प्राधिकरण जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली दिले. आपल्या खुर्चीतला अधिकार वाडीवर कसा उतरवायचा, हे शिकवणारा कायदा अजून व्हायचा आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेच्या अंगणात मुलांनी असा एक मापक रोवला. जुलैतल्या एका सकाळी त्यात २१२ भरले. आदल्या दोन दिवसांचे मिळून ४३०. पोरांनी ते फळ्यावर लिहिले. मी एका कचेरीत फोन केला. पलीकडून विचारण्यात आले, "आपण कोणत्या खात्यातून बोलताय?" मी म्हटले, शाळेतून. मग शाळेला सुट्टी द्या, असे सांगून फोन ठेवण्यात आला.

सुट्टी दिली. शाळेचा शिपाई आणि मी वरच्या वाडीत गेलो, घरोघर सांगितले, आणि न गळणाऱ्या दोन खोल्यांत सतरंज्या टाकल्या. संध्याकाळपर्यंत अकरा माणसे आणि दोन शेळ्या खाली आल्या. बाकीची आली नाहीत. डोंगर त्या रात्री जागचा हलला नाही. सकाळी निघताना एक म्हातारी म्हणाली, "मास्तर, उगाच आणलंत. पुन्हा बोलावलंत तर येईन, पण शेळ्यांना निराळी जागा करा. रात्रभर माझी वाकळ खाल्ली त्यांनी."