शृंगाराची लेखणी आणि कवठे येमाईचा शाहीर

प्रेमाची गाणी रचणारा किंवा गाणारा कलावंत बंडाची गाणी रचणाऱ्यापेक्षा कमी मोलाचा, हा समज मराठी अभिरुचीत इतका मुरला आहे की तो उघडपणे मांडण्याचीही कोणाला गरज वाटत नाही. पोवाड्याचा शाहीर पाठ्यपुस्तकात सन्मानाने येऊन बसतो, आणि लावणीच्या शाहिराला त्याच उंबऱ्यावर आपल्या शृंगाराचा खुलासा द्यावा लागतो. आधी विरोधकाचे म्हणणे, म्हणजे पूर्वपक्ष, त्याच्या पूर्ण बळानिशी मांडायचे, मग त्याचे खंडन करायचे आणि त्यानंतर आपल्या मताचे मंडन करायचे, हा शास्त्रचर्चेचा जुना क्रम आहे; पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील कवठे येमाई या गावचे लोकशाहीर बी. के. मोमीन कवठेकर (१९४७–२०२१) यांच्या कार्याचा विचार त्याच क्रमाने झाला पाहिजे, कारण त्यांच्याविषयी नुसते गौरवाचे शब्द लिहिले तर मूळ आक्षेप जागच्या जागी राहतो.

पूर्वपक्षाचे पहिले म्हणणे असे की शृंगार हा करमणुकीचा विषय असून समाजाच्या दुःखाशी त्याचे नाते नसते, आणि म्हणून लावणी लिहिण्यात आयुष्य घालवणे म्हणजे प्रतिभेचा अपव्यय होय. या समजाला जगभर भाऊबंद आहेत. जमैका या कॅरिबियन बेटावर १९६०च्या दशकाच्या अखेरीस रेगे नावाचे संगीत घडले. चार मात्रांच्या आवर्तनात पहिली मात्रा मोकळी सोडून तिसरीवर आघात करायचा, हा त्याचा सर्वांत ओळखीचा ठेका. बॉब मार्ली यांच्यामुळे रेगे म्हणजे पीडितांचा आवाज हे समीकरण जगभर रूढ झाले, आणि त्याच रेगेतून प्रेमगीते गाणारे ग्रेगरी आयझॅक्स (१९५१–२०१०) 'नाइट नर्स' या १९८२ च्या ध्वनिमुद्रिकेचे, हळव्या आवाजाचे गायक एवढ्यावरच मोजले गेले. वास्तविक १९७८ च्या 'रॉकर्स' या चित्रपटात गुलामांच्या मालकाला उद्देशून असलेले गाणे हेच आयझॅक्स गाताना दिसतात. एकाच गळ्यातून विरह आणि गुलामी दोन्ही निघतात, कारण ज्याच्या अंगावर व्यवस्थेचा भार असतो तो मनुष्य प्रेमही त्याच भाराखाली करतो. पुढे लंडनमधील कॅरिबियन स्थलांतरितांच्या मुलींनी 'लव्हर्स रॉक' या नावाने ओळखली जाणारी प्रेमप्रधान शाखा फुलवली आणि जॅनेट के यांचे गाणे १९७९ मध्ये ब्रिटनच्या विक्रीक्रमवारीत दुसऱ्या स्थानापर्यंत गेले. परक्या देशात पदोपदी संशयाने पाहिल्या जाणाऱ्या तरुणींनी आपल्या हळवेपणाला जाहीर जागा मिळवून देणे, हे राजकारण नव्हे असे म्हणणाऱ्याची राजकारणाची व्याख्याच तोकडी आहे.

कवठेकरांचा दाखला याहून जवळचा आणि अधिक ठाम आहे. तमाशाच्या फडासाठी त्यांनी लावण्या लिहिल्या, तसेच गण, गवळणी, फार्स आणि वगही लिहिले. दत्ता महाडिक पुणेकर यांच्यासारख्या नावाजलेल्या फडमालकांच्या मंचावर त्यांची कवने गाजली. हुंडा, दारूचे व्यसन, निरक्षरता हे विषयही त्यांनी त्याच लोकभाषेत हाताळले. शृंगार लिहिणारा हात समाजाकडे पाठ फिरवतो असे ज्यांना वाटते त्यांनी याचे उत्तर द्यावे की हुंड्याविरुद्धचे गाणे ज्या यात्रेत लोकांनी ऐकून घेतले, त्या यात्रेत लोकांना रात्रभर बसवून कोणी ठेवले होते? लावणीनेच ठेवले होते. चैत्रातल्या यात्रेला गाव सुपारी देऊन फड आणते ते प्रबोधनासाठी नव्हे, रंगासाठी. त्या रंगाच्या बळावरच प्रबोधनाचे शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतात. शृंगार हे इथे औषधाभोवतीचे गोड आवरण आहे असा मात्र याचा अर्थ नव्हे. तो स्वतःच्या पायावर उभा आहे, हे पुढच्या आक्षेपाचा विचार करताना दिसेल.

दुसरा आक्षेप अधिक चतुर आहे. लावणी जगते ती नाचणारीच्या अदेवर. शब्द लिहिणारा केवळ साहित्य पुरवणारा, असे हा आक्षेप म्हणतो. यात नाचणाऱ्या स्त्रीचा गौरव आहे असे वरवर वाटते, परंतु प्रत्यक्षात तिची कलाही यात नीट समजून घेतलेली नसते. न्हावऱ्यावरून दक्षिणेकडे उतरणारा शिरूरचा रस्ता दौंड तालुक्यात जेथे पुणे-सोलापूर महामार्गाला छेदतो, त्या चौफुल्यावर संगीत बारीची कलाकेंद्रे आहेत. संगीत बारी म्हणजे वगनाट्य बाजूला ठेवून गाणे, नाच आणि अदा यांवर उभी असलेली, बंदिस्त जागेत सादर होणारी परंपरा. गावोगाव तंबू ठोकत फिरणाऱ्या ढोलकी-फडाहून ती वेगळी. बारीतल्या बैठकीच्या लावणीत गायिका बसून एकच ओळ पुन्हा पुन्हा घेते आणि दर आवर्तनाला तिचा अर्थ पालटते. 'वाट पाहते' एवढे दोनच शब्द घेतले तरी पहिल्या वेळी ती नुसती वाट पाहते, दुसऱ्या वेळी भुवई किंचित वर जाते आणि उशीर करणाऱ्याला जाब विचारला जातो, तिसऱ्या वेळी पदराचे टोक बोटाभोवती फिरते आणि तो येणारच नाही ही शंका चेहऱ्यावर उतरते. पेटीवाला तोच स्वर धरून थांबलेला असतो, आणि ती समेवर येताच ढोलकी तिला उचलून घेते. हे सारे शक्य होते ते त्या दोन शब्दांत तेवढी मोकळी जागा ठेवलेली असते म्हणून. ज्या ओळीत कवीने स्वतःच सगळे सांगून टाकले आहे ती ओळ अदेला काहीच देत नाही, आणि ज्या ओळीच्या शेवटी दीर्घ स्वर नाही तिच्यावर गायिकेला रेंगाळता येत नाही. फडावरच्या नृत्यप्रधान लावणीत गरज उलटी असते; तेथे ढोलकीच्या तोड्याशी घुंगरांची जुगलबंदी व्हायची असल्याने ओळ आखूड, यमक पक्के आणि विराम नेमका लागतो. छक्कड ही चटकदार, उडत्या चालीची लावणी; बालेघाटी ही विरहाची, संथ चालीची. प्रत्येकीसाठी शब्दांचे माप निराळे असते. हे माप न मोजता जो लिहितो त्याचे कवन कागदावर राहते. तेव्हा अदेचे श्रेय पूर्णपणे त्या स्त्रीचे आहे हे मान्य करूनच म्हणावे लागते की तिच्या श्वासाचा हिशेब ज्याने ओळीत आधीच धरला, तो शाहीर त्या कलेतला तिचा सहकारी होता.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. शर्मिला रेगे यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे की पेशवाईपासून लावणीने खालच्या मानलेल्या जातींतील स्त्रीला सर्वांच्या नजरेसाठी उपलब्ध असलेली देहरूप वस्तू म्हणून घडवले, आणि तिच्या तोंडी घातलेली प्रेमाची आर्जवे बहुतेक वेळा पुरुषाने, पुरुषांसाठी लिहिलेली होती. यातले ऐतिहासिक सत्य निर्विवाद आहे. लावणी ज्यांच्या पायांवर उभी राहिली त्या स्त्रियांना प्रतिष्ठेने वारंवार दार लावले. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच वर्षांत मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली आणि ती उठल्यावरही संहितांवर परिनिरीक्षणाची कात्री ठेवली, तेव्हा भूक त्यांच्याच घरी गेली. नारायणगावच्या विठाबाई भाऊ मांग यांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळूनही उतारवयात विपन्नावस्था भोगावी लागली, ही महाराष्ट्राच्या माथ्यावरची उघडी जखम आहे. परंतु या सत्यावरून निघणारा निष्कर्ष कोणता? शोषण करणारी व्यवस्था दोषी ठरते, हे खरे. शृंगाररस दोषी ठरत नाही. त्या स्त्रियांनी अपमानाच्या जागेतून जी विद्या उभी केली, तिला केवळ शोषणाची खूण म्हणून बाजूला सारणे हा त्यांच्यावरचा दुसरा अन्याय होईल. यमुनाबाई वाईकर यांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली ती त्यांच्या विद्येसाठी. तेथे दयेचा प्रश्नच नव्हता. कवठेकरांच्या कोणत्या कवनात स्त्री बोलते आणि कोणत्या कवनात तिच्या तोंडून पुरुषच बोलतो, याची छाननी अवश्य व्हावी. मात्र छाननी करायची तर कवने आधी वाचावी लागतील, आणि न वाचता दिलेल्या निकालाला समीक्षा म्हणता येत नाही.

आता मंडनाचा भाग. मोमीन हे मुसलमान घरातले. तमाशाची रात्र गणाने, म्हणजे गणपतीच्या स्तवनाने, सुरू होते आणि त्यानंतर गवळणीत कृष्ण व गौळणींचा संवाद येतो. हे दोन्ही प्रकार त्यांनी लिहिले, आणि अष्टविनायकांपैकी रांजणगावचा गणपती ज्या तालुक्यात आहे त्याच तालुक्यात बसून लिहिले. याचे कौतुक करताना अपवाद सापडल्याचा सूर लागतो, तो चुकीचा आहे. पेशवाईतले सगनभाऊ जातीने शिकलगार, धर्माने मुसलमान आणि जेजुरीचे. शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांना लागून असलेल्या श्रीगोंद्याचे शेख महंमद सतराव्या शतकात 'योगसंग्राम' लिहून गेले. बार्शीचे अमर शेख यांनी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मैदाने दणाणून सोडली. घोड आणि भीमा या नद्यांच्या काठावर मराठी कवन कोणा एका धर्माची मिरास कधीच नव्हते. कवठेकर त्या वहिवाटेचे सरळ वारसदार आहेत, आणि ज्या काळात माणसाचे नाव ऐकून त्याची भाषा ठरवली जाते त्या काळात ही वहिवाट मोठ्याने सांगणे हे समीक्षेचेही काम आहे.

महाराष्ट्र शासनाने त्यांना २०१८ सालचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार दिला. योगायोग असा की त्याच वर्षी युनेस्कोने जमैकाच्या रेगेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. पुरस्काराने पूर्वपक्ष गप्प होतो, पण खोडला जात नाही. तो खोडला जातो कवनांच्या अभ्यासाने. जुने शाहीर शेवटच्या चौकात, म्हणजे अखेरच्या कडव्यात, आपले नाव गुंफीत आणि त्यामुळे दोनशे वर्षांनंतरही कवन कोणाचे हे कळते. आज कवन फडावरून बारीत, बारीतून वाद्यवृंदात आणि तेथून ध्वनिक्षेपकांच्या भिंतीवर जाते, आणि प्रत्येक टप्प्यावर चाल टिकून शाहिराचे नाव मात्र गळते. शिरूर-दौंडच्या महाविद्यालयांतील मराठी विभागांनी, फडमालकांनी आणि चौफुल्याच्या गायिकांनी एकत्र बसून कवठेकरांची कवने चालीसह, म्हणणारीच्या नावासह आणि शाहिराच्या नावासह उतरवून घ्यावीत. त्या चाली ज्यांच्या गळ्यात आहेत ती माणसे आता थकत चालली आहेत, त्यामुळे हे काम येत्या चैत्राच्या यात्रांपूर्वीच सुरू व्हावे.