सरकीचा हिशेब

मृगाच्या तोंडावर विदर्भातल्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रासमोर उभे राहून पाहा. शेतकरी बीटी कपाशीचे पाकीट हातात घेतो, उलटून पाहतो, किंमत विचारतो आणि उधारीच्या वहीत सही करतो. त्याच्या आजीने हे पाकीट कधी घेतले नव्हते. ती घरचीच सरकी काढायची, तिला शेण-माती चोळून वाळवायची आणि पाऊस पडला की टोबायची. संकरित बियाणे आले आणि दर साली दुकानाची पायरी चढणे नशिबी आले.

या शेतकऱ्याला एकदा सरकारी विज्ञानाने शब्द दिला होता. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि धारवाडचे कृषी विज्ञान विद्यापीठ यांनी ‘बिकानेरी नरमा’ हा बीटी वाण तयार केला. वाण सरळ, म्हणजे त्याची सरकी पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येणार. सार्वजनिक पैशातून घडलेला, स्वदेशी म्हणून गौरवलेला. २००८ साली त्याला परवानगी मिळाली, २००९ मध्ये तो शेतात आला आणि त्याच वर्षी त्याची विक्री थांबली. का थांबली, हे पेरणाऱ्याला कोणी धड सांगितले नाही. पुढे माहिती अधिकारातून कागद बाहेर आले, वर्तमानपत्रांनी प्रकरण लावून धरले, तेव्हा चौकशीसाठी सोपोरी समिती बसली. २०१२ च्या तिच्या अहवालातून स्पष्ट झाले की, या स्वदेशी वाणात मोन्सॅन्टो कंपनीच्या ‘मोन ५३१’ या बीटी जनुक-रचनेचा अंश होता.

प्रयोगशाळेत चूक होते. विज्ञान चुकतमाकतच पुढे जाते, त्याबद्दल कोणाला सुळावर द्यायचे कारण नाही. मला चीड येते ती त्या मधल्या गप्प वर्षांची, आणि त्या वर्षांत आपण, शिकलेले मराठी लोक, काय करत होतो याची. गावच्या रस्त्यावर डांबर कमी पडले तर आपण ग्रामसभा डोक्यावर घेतो. संशोधनाचा पैसा म्हटले की मात्र हात जोडतो. ‘ते मोठे लोक, आपल्याला काय कळतंय’ असे म्हणून शास्त्रज्ञाला शाल-श्रीफळ देतो आणि घरी येतो. बुवाबाजीविरुद्ध शंभर वर्षे भांडलेल्या समाजाने प्रयोगशाळेच्या दारात पुन्हा तेच लोटांगण घालावे, ही शरमेची गोष्ट आहे. प्रश्न विचारू न देणारे विज्ञान हे विज्ञानच नव्हे, एवढे तरी आपल्याला कळायला हवे होते.

१८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी लोकांच्या पैशाचा हाच प्रश्न मांडला होता: सरकारची तिजोरी भरते रयतेच्या घामाने, आणि त्या पैशाच्या शिक्षणाचा लाभ घेतात वरचे वर्ग. आज काय वेगळे आहे? माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम सांगते की, खर्चाची आणि कामाची माहिती कोणी मागण्याआधीच सरकारी संस्थांनी आपणहून जाहीर करावी. कायदा २००५ चा. तरीही बियाण्याचे सत्य बाहेर यायला अर्ज करावा लागला.

संशोधनाच्या पैशाचा हिशेब मागितला तर आधीच तुटपुंजा असलेला निधी आणखी आटेल, असे काही जण म्हणतात. देश संशोधनावर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या पाऊण टक्काही खर्च करत नाही, हे खरेच आहे. पण हा पैसा वाढवा म्हणून लोक रस्त्यावर का येत नाहीत? तो आपला आहे हेच त्यांना कोणी दाखवलेले नाही. मान खाली घालून प्रामाणिकपणे खपणाऱ्या तरुण संशोधकालाही या अंधाराचाच फटका बसतो. त्याच्या बाजूने बोलायला बाहेर कोणी नसते.

प्रत्येक जिल्ह्यातल्या कृषी विज्ञान केंद्राच्या भिंतीवर मराठीत फलक लागला पाहिजे. कोणत्या पिकावर, कोणत्या संस्थेला, किती रुपये दिले आणि त्यातून काय निघाले, हे त्यावर हवे. जो वाण मागे घेतला, त्याच्यापुढे तो का मागे घेतला हेही त्याच हंगामात लिहिले जावे, आणि खाली उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव असावे. येत्या ग्रामसभेत एवढा एक ठराव मांडायला कोणाची परवानगी लागत नाही.