रेझ्युमे सगळ्यांचा सारखाच, मग मुलाखतीचा फोन येणार कसा?

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षात वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक वर्ड फाइल हमखास फिरते. कुठल्या तरी सीनियरचा रेझ्युमे. नाव, मोबाइल नंबर आणि टक्के बदलले की काम झाले. तीच फाइल पन्नास ठिकाणी जाते आणि फोन आला नाही की ‘मार्केट डाउन आहे’ म्हणून विषय संपतो. मार्केटचा भाग असतोच. पण एकाच कॉलेजचे साठ रेझ्युमे शब्दन् शब्द सारखे आले, तर निवडायचे कोणाला, हा प्रश्न एचआरपुढेही असतो.

अर्धे पान जाते कशात?

आपल्याकडे ‘बायोडाटा’ म्हटले की लग्नाचा कुठला आणि नोकरीचा कुठला, हे कळेनासे होते. वडिलांचे नाव, जन्मतारीख, विवाहित की अविवाहित, कायमचा पत्ता, छंद आणि शेवटी ‘वरील माहिती खरी आहे’. रास आणि उंची तेवढी राहते! सरकारी अर्जात यातले बरेच लागते. खासगी कंपनीच्या पहिल्या चाळणीत लागत नाही.

सर्वांत वर ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’ असते: नामांकित संस्थेत काम करून कौशल्यांचा विकास करणे. यातून उमेदवाराला काय हवे ते कळते, कंपनीला काय मिळेल ते कळत नाही. हल्ली हेच वाक्य चॅटजीपीटी सफाईदार इंग्रजीत लिहून देते, इतकाच बदल.

आधार किंवा पॅन क्रमांक तर रेझ्युमेत टाकूच नये. फाइल पुढे कोणाकोणाकडे जाईल, हे आपल्या हातात नसते.

खरी जागा प्रोजेक्टची

फ्रेशरकडे अनुभव नसतो, म्हणून फायनल इयर प्रोजेक्टला महत्त्व. पण तिथे बहुतेक जण फक्त नाव लिहितात: ‘आयओटी बेस्ड स्मार्ट इरिगेशन सिस्टीम’. चौघांच्या ग्रुपमध्ये या उमेदवाराने नेमके काय केले? समजा, त्याने मातीतला ओलावा मोजणाऱ्या सेन्सरचा कोड लिहिला, दोन वाफ्यांवर तीन आठवडे चाचणी घेतली, सेन्सर गंजून आकडे चुकायला लागल्यावर दुसऱ्या प्रकारचा सेन्सर बसवला. मग हेच दोन ओळींत लिहावे. मुलाखत घेणाऱ्याला प्रश्न मिळतो आणि उत्तर पाठ करावे लागत नाही.

प्रोजेक्ट रेडीमेड विकत आणला असेल तर पंचाईत होते. हे उघड गुपित आहे आणि मुलाखतीत तिसऱ्या प्रश्नाला ते बाहेर येते. त्यापेक्षा स्वतः केलेले छोटे काम लिहिलेले बरे. कॉलेजच्या गॅदरिंगसाठी बनवलेली वेबसाइट किंवा काकांच्या दुकानाची उधारी एक्सेलमध्ये बसवून दिलेली असली, तरी चालेल.

टक्क्यांचे मात्र काही करता येत नाही. अनेक कंपन्यांची दहावी, बारावी आणि पदवीला ६० टक्क्यांची अट असते. ५८ चे ६० करणारा कागदपत्र पडताळणीत सापडतो आणि हातात आलेली ऑफर जाते.

आधी वाचते सॉफ्टवेअर

मोठ्या कंपन्यांत अर्ज बऱ्याचदा आधी सॉफ्टवेअरमध्ये जातो. जाहिरातीत ‘एसक्यूएल’ असेल आणि ते येत असेल, तर नुसते ‘डेटाबेसचे ज्ञान’ न लिहिता ‘एसक्यूएल’च लिहावे. दोन कॉलमची रंगीत टेम्पलेट दिसायला छान असतात, पण त्यांतला मजकूर वाचताना अशा सॉफ्टवेअरचा घोळ होऊ शकतो. ‘जावा ८० टक्के’ दाखवणारी पट्टी तर माणसालाही कळत नाही. ८० टक्के कशाचे?

तपासायला मोबाइल पुरतो. पीडीएफ उघडून सगळा मजकूर कॉपी करायचा आणि नोट्समध्ये पेस्ट करायचा. ओळी उलटसुलट झाल्या किंवा फोन नंबरच गायब झाला, तर टेम्पलेट बदलावे. फाइलचे नाव ‘रेझ्युमे फायनल न्यू २’ असेल, तर तेही त्याच वेळी बदलून तिथे स्वतःचे नाव टाकावे.