पडद्याची नावे आणि हेंद्रेपाड्यातील दिवाणखाना

बत्तीस इंचांहून मोठ्या दूरचित्रवाणी संचांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला तो २२ सप्टेंबर २०२५ रोजी, नेमका घटस्थापनेच्या दिवशी. मूळ किंमत ४० हजार रुपये असलेला संच करासह ५१,२०० रुपयांना पडत असे. तो ४७,२०० रुपयांना पडू लागला. मध्यमवर्गीय घराला चार हजारांची बचत लहान नव्हे. मात्र ३२ इंच आणि त्याखालील संचांवर १ जानेवारी २०१९ पासूनच १८ टक्के कर असल्याने लहान संच घेणाऱ्याच्या पदरी या निर्णयातून काही पडले नाही. सवलत मिळाली ती मोठ्या पडद्याला. वाचलेले चार हजार खिशात राहण्याऐवजी पुढच्या आकारात किंवा पुढच्या नावात जिरतात, हे विक्रेत्यांना पुरेपूर ठाऊक असते.

बदलापूर पश्चिमेकडील हेंद्रेपाड्यासारख्या वस्तीत हा हिशेब तपासून पाहण्याजोगा आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ६८ किलोमीटरवरचे हे शहर वाढले ते मुख्यत्वे मुंबई-ठाण्यात घर न परवडलेल्या नोकरदारांमुळे. घराचा हप्ता, रेल्वेचा पास आणि मुलांचे शुल्क भागल्यावर उरलेल्या पैशांतून जो संच येतो, तो आठ-दहा वर्षे टिकावा अशी अपेक्षा असते. अशा घराने दुकानात पाऊल टाकले की समोर अक्षरांची रांग उभी राहते. एलईडी, क्यूएलईडी, मिनी एलईडी, ओएलईडी. नावे एकमेकांची भावंडे वाटावीत अशी आहेत, पण त्यांतील नाते फसवे आहे.

पहिली गोष्ट अशी की यांतील पहिले तिन्ही प्रकार मुळात एलसीडीच आहेत. द्रवस्फटिकाचा थर स्वतः प्रकाश देत नाही. मागून येणारा प्रकाश तो कमी-अधिक अडवतो आणि त्यातून चित्र उमटते. पूर्वी हा प्रकाश बारीक फ्लुरोसंट नळ्यांचा असे, पुढे त्या जागी एलईडी दिवे आले आणि संचाचे नावच ‘एलईडी टीव्ही’ झाले. पडदा तोच राहिला, बदलला तो मागचा दिवा. ही जाहिरात ग्राहकाची दिशाभूल करते, असा निर्वाळा ब्रिटनच्या जाहिरात नियामक संस्थेने २००९ मध्येच दिला होता. आपल्याकडे त्याची फारशी वाच्यता झाली नाही आणि ते नाव रुळून गेले.

क्यूएलईडीमध्ये निळ्या प्रकाशाच्या वाटेत अतिसूक्ष्म स्फटिककणांचा, म्हणजे क्वांटम डॉट्सचा पापुद्रा बसवलेला असतो. हे कण निळ्या प्रकाशाचे शुद्ध लाल व हिरव्या प्रकाशात रूपांतर करतात. त्यांच्या शोधाला २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, तेव्हा ही केवळ जाहिरातबाजी आहे असे म्हणता येणार नाही. रंग खरोखरच अधिक खुलतात. पण काळा रंग जितका काळा दिसायला हवा तितका दिसत नाही, ही एलसीडीची जुनी उणीव या पापुद्र्याने दूर होत नाही. ती बऱ्याच अंशी दूर करतो तो मिनी एलईडी. त्यात मागे हजारो बारीक दिवे असतात आणि चित्राच्या काळोख्या भागामागचे दिवे मंद करता येतात. असे किती स्वतंत्र विभाग नियंत्रित होतात यावर संचाची गुणवत्ता ठरते. नेमका हाच आकडा खोक्यावर सहसा सापडत नाही.

ओएलईडीची जात वेगळी. १९८७ मध्ये कोडॅक कंपनीतील चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक या संशोधकांनी ज्याचा पाया घातला, त्या तंत्रात पडद्याचा प्रत्येक बिंदू स्वयंप्रकाशी असतो. बिंदू विझला की तेथे निखळ काळोख. अंधाऱ्या खोलीत चित्रपट पाहण्यासाठी याला तोड नाही. पण त्याची किंमत त्याच आकाराच्या साध्या संचाच्या दुपटीहून अधिक पडते आणि त्याचा एक दोष आपल्या घरांच्या सवयींशी थेट भिडतो. त्यातील सेंद्रिय द्रव्य वापरागणिक क्षीण होते. पडद्याचा एकच भाग सतत तेच चित्र दाखवत राहिला, तर तेथे कायमचा ठसा उमटतो. कॅनडातील आर्टिंग्ज या चाचणी संस्थेने २०१८ मध्ये सहा ओएलईडी संच दररोज वीस तास चालवून पाहिले; सतत वृत्तवाहिनी दाखवणाऱ्या संचांवर वाहिनीच्या पट्ट्यांचे ठसे स्पष्ट दिसू लागले. पुढच्या पिढीचे संच अधिक टिकाऊ आहेत हे खरे. तरीही सकाळपासून रात्रीपर्यंत मराठी वृत्तवाहिनी लावून ठेवणारी, पडद्याचा तळ लाल-पिवळ्या पट्ट्यांनी भरलेला पाहणारी घरे आपल्याकडे थोडी नाहीत. ज्या घरात निवृत्त आई-वडील दिवसभर बातम्या ऐकतात, तेथे हा महागडा पडदा घेणे शहाणपणाचे नाही.

प्रश्न पडद्याच्या श्रेष्ठतेचा नसून दिवाणखान्याचा आहे. दिवाणखान्यात दुपारचे ऊन येत असेल, तर तेथे निखळ काळ्या रंगाचे कौतुक निरर्थक. उजेडावर मात करणारा प्रखर पडदा हवा आणि तो मिनी एलईडीच काय, चांगला साधा एलसीडीही असू शकतो. नोकरदार माणूस रात्री नऊला घरी पोहोचून ट्यूबलाइटच्या उजेडात तासभर मालिका पाहतो, त्याचीही गरज तीच. शिवाय एकजण सोफ्यावर, दोघे खाली सतरंजीवर, एखादा स्वयंपाकघराच्या दारात, असे घर तिरके बसून पाहते. एलसीडीतही आयपीएस आणि व्हीए असे दोन उपप्रकार असतात. व्हीए पडद्याचा काळा रंग अधिक गडद, पण बाजूने पाहिल्यास रंग फिके पडतात, आयपीएसचे उलटे. कुटुंबाच्या दृष्टीने क्यूएलईडी की एलईडी यापेक्षा हा भेद अधिक महत्त्वाचा ठरू शकतो. दुकानात मात्र त्याची चौकशी करणारा ग्राहक विरळा आणि उत्तर देऊ शकणारा विक्रेता त्याहून विरळा.

आकाराच्या बाबतीत तर साधे गणितही कोणी मांडत नाही. निरोगी डोळ्याला एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, इतके अंतर वेगळे ओळखता येते. त्या हिशेबाने ४३ इंची फुल एचडी पडद्याचे ठिपके दिसण्यासाठी पावणेदोन मीटरच्या आत बसावे लागेल. फोर-के पडद्यासाठी एका मीटरच्याही आत. सोफा भिंतीपासून अडीच मीटरवर असेल, तर ५५ इंचांवरही फुल एचडी आणि फोर-के यांतील फरक जेमतेम जाणवेल. आता या आकारांत बहुतेक संच फोर-केच मिळतात, त्यामुळे त्याविरुद्ध हट्ट धरण्याचे कारण नाही. त्यासाठी जादा पैसे मोजण्याचेही नाही. खरी मेख प्रक्षेपणात आहे. साध्या, एचडी नसलेल्या वाहिनीचे चित्र ७२० बाय ५७६ बिंदूंचे असते, म्हणजे सुमारे सव्वाचार लाख बिंदू. फोर-के पडद्यावर ८३ लाख बिंदू. वीस बिंदूंपैकी एक वाहिनीकडून येतो आणि उरलेले एकोणीस संच अंदाजाने भरतो. पडदा जितका मोठा तितका हा अंदाज उघडा पडतो. केबल किंवा डीडी फ्री डिशवरच्या साध्या वाहिन्यांवर ज्यांची भिस्त आहे, त्यांना ५५ इंची संचावर पूर्वीपेक्षा वाईट चित्र दिसले तर नवल नाही. दुकानात चालणारी फुलपाखरांची आणि धबधब्यांची चित्रफीत ही बाब सोयीस्कर झाकते.

तंत्रज्ञानाच्या निवडीत भलेभले चुकले आहेत. २००५ मध्ये औरंगाबादजवळच्या चितेगावात कारखाना असलेल्या व्हिडिओकॉनने फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा चित्रनळी व्यवसाय विकत घेतला. त्यानंतर दोनच वर्षांनी, २००७ च्या अखेरच्या तिमाहीत, जगभरात एलसीडी संचांची संख्या प्रथमच चित्रनळीच्या संचांपुढे गेली. व्हिडिओकॉन २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली त्याला अन्य कारणेही होती, पण मावळत्या तंत्रावर लावलेला हा डाव महागच पडला. प्लाझ्माचेही तसेच झाले. चित्राच्या दर्जात तो त्या काळच्या एलसीडीहून सरस मानला जाई. तरी पॅनासॉनिकने २०१३ च्या अखेरीस त्याचे उत्पादन थांबवले आणि २०१४ मध्ये सॅमसंग व एलजीही बाहेर पडल्या. मिनी एलईडीतच लाल, हिरवे, निळे दिवे स्वतंत्र वापरणारे संच २०२५ पासून येऊ लागले आहेत. त्यांच्यासाठी थांबण्यात अर्थ नाही. थांबणाऱ्यासाठी पुढचे नाव नेहमीच तयार असते.

हेंद्रेपाड्यापुरती आणखी एक बाब आहे, जी कोणत्याही माहितीपत्रकात नसते. उल्हास नदीला पूर आला की बदलापूर पश्चिमेच्या सखल भागात पाणी शिरते. २६ जुलै २००५ चा आणि २७ जुलै २०१९ चा पूर येथे विसरला गेलेला नाही. पहिल्या पुराच्या वेळी घरोघरी चित्रनळीचे संच होते. २९ इंची संच चाळीस किलोंच्या घरात जाई आणि तो वरच्या मजल्यावर नेणे दोघांनाही जड होते. आजचा ४३ इंची संच दहा किलोंच्या आसपास भरतो. पण तो तितकाच नाजूक आहे. घाईत उचलताना पडद्यावर अंगठ्याचा दाब पडला तरी तो तडकू शकतो, आणि पडदा बदलण्याचा खर्च नव्या संचाच्या जवळ जातो. तळमजल्यावर राहणाऱ्याने तो टेबलावर ठेवण्याऐवजी भिंतीवर बसवावा आणि जोडणीचा फलक व स्थिरकारकही जमिनीलगत ठेवू नये.

या साऱ्यात ग्राहक एकटा आहे. दूरचित्रवाणीचे पडदे भारतात अद्याप तयार होत नाहीत; ते प्रामुख्याने चीनमधून येतात आणि येथे संचात बसवले जातात. त्यामुळे वेगवेगळ्या नाममुद्रांच्या संचांत एकाच कारखान्याचा पडदा असू शकतो, आणि एकाच नाममुद्रेच्या दोन संचांत दोन निराळे. वैधमापन नियमांमुळे खोक्यावर कमाल किरकोळ किंमत छापावी लागते, आकार सेंटिमीटरमध्ये द्यावा लागतो. ऊर्जा कार्यक्षमता विभागाच्या स्टार लेबलवर वर्षाचा वीजवापर असतो. मग पडदा आयपीएस आहे की व्हीए, पार्श्वप्रकाश कडेने आहे की मागून, मंद होणारे विभाग किती आणि कमाल प्रखरता किती, या चार गोष्टी छापण्याची सक्ती करायला अडचण कोणती? करकपातीने सरकारने मोठ्या पडद्याची वाट मोकळी केली आहे. त्या पडद्यामागे काय आहे, हे सांगायला उत्पादकाला भाग पाडण्यासाठी तिजोरीला एक रुपयाचीही झळ लागणार नाही.