केम सोडल्यावर केमकर

पंढरपुरात कुंकवाच्या दुकानी लाल ढिगातली चिमूट बोटांवर चोळत गिऱ्हाईक विचारतं, ‘केमचंच ना?’ करमाळा तालुक्यातल्या खुद्द केममध्ये हा प्रश्न कोण कशाला विचारेल? तिथं ते नुसतं कुंकू. वेस ओलांडली की त्याला गावाचं नाव लागतं. या सदरात नावांची उस्तवार करताना एक ठोकताळा वारंवार आडवा येतो : आडनाव जिथं दाट, तिथंच त्याचं मूळ. पवार, मोरे अशा कुळाच्या नावांना तो फारसा लागू पडत नाहीच. ती साऱ्या मुलखात पसरली आहेत. पण ‘कर’ लागलेल्या आडनावांना तो चक्क उलटा लावावा लागतो.

कारण साधं आहे. केममध्ये सगळेच केमचे. तिथं ‘केमकर’ म्हणून हाक मारली तर वळून बघणार कोण? गावात माणूस ओळखू येतो तो कुळावरून, वतनावरून, धंद्यावरून. गावाचं नाव लागतं ते परक्या ठिकाणी, आणि बहुधा दुसऱ्याच्या लेखणीनं. बाबासाहेबांच्या घराण्याचं आडनाव सकपाळ, गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, जन्म १८९१ मध्ये महूचा. ७ नोव्हेंबर १९०० रोजी ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी नोंद झाली ती साताऱ्याच्या शाळेच्या दाखल्याच्या रजिस्टरात. गाव कोकणात, नोंद घाटावर. इटलीतही हाच प्रकार. ‘लोम्बार्दो’ म्हणजे लोम्बार्दीचा, मिलानकडचा. पण हे आडनाव सर्वांत दाट सापडतं ते थेट दक्षिणेच्या टोकाला, सिसिलीत. नॉर्मन राजवटीत उत्तरेकडून तिथं वसायला गेलेल्यांना स्थानिकांनी सरसकट लोम्बार्द म्हटलं. (त्या काळी उत्तर इटलीतला कुणीही लोम्बार्दच, आपल्याकडे ‘घाटी’ म्हणतात तितकंच ढोबळ.) पुढे १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेनं लग्नाच्या आणि बाप्तिस्म्याच्या वह्या प्रत्येक चर्चला सक्तीच्या केल्या, आणि बोलण्यातलं नाव शाईत पक्कं होत गेलं. आपल्याकडे तेच काम शाळेच्या रजिस्टरानं आणि पलटणीच्या हजेरीपटानं केलं.

यावर कोकणी वाचक म्हणेल, आमच्याकडे तर माणसं स्वतःच्याच गावात, गावाचंच आडनाव लावून नांदतात. खरं आहे. पण ते आडनाव रोजच्या हाकेत किती येतं? वाडीत माणूस बापाच्या नावानं, घराच्या नावानं ओळखला जातो. ‘कर’ लागतो तो सातबारावर, शाळेच्या दाखल्यावर; एकेकाळी मुंबईच्या गिरणीतल्या मस्टरवरही लागायचा. म्हणजे गावात राहूनही ते नाव बाहेरच्याला वाचण्यासाठीच. दुसरा आक्षेप मला अधिक वजनाचा वाटतो : आडनावावरून गाव तरी नक्की कळतं का? करमाळ्याचा करमाळकर आणि गोव्यातल्या करमळीचा करमळकर यांच्यात एका कान्याचं अंतर, आणि रोमन लिपीत उतरताना तो कानाही गळतो. केमची गत याहून बिकट. फोनवर ‘केमकर’ सांगितलं की पलीकडचा ‘खेमकर का?’ म्हणतो आणि उत्तराची वाट न बघता तसं लिहूनही मोकळा होतो.