अभिजात वारसा आणि निष्ठेची कसोटी

सांस्कृतिक क्रांतीच्या काळात कन्फ्यूशियसची निर्भर्त्सना करणाऱ्या चिनी कम्युनिस्ट पक्षानेच २०१७ मध्ये शाळांतून पारंपरिक संस्कृती शिकविण्याचे धोरण जाहीर केले. हाँगकाँगमध्ये ‘राष्ट्रीय शिक्षण’ सक्तीचे करण्याचा बेत २०१२ मध्ये विद्यार्थी-पालकांच्या आंदोलनामुळे सोडावा लागला होता. २०२० च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्यानंतर तशा विरोधाला वावच उरला नाही. तैवानने २०१७ मध्ये उच्च माध्यमिक भाषा अभ्यासक्रमातील अभिजात चिनीचे प्रमाण ३५ ते ४५ टक्क्यांवर आणले. प्राचीन ग्रंथांची थोरवी येथे कोणी नाकारत नाही. मात्र समान वारशाच्या आधारे बीजिंग राजकीय ऐक्याचा दावा करते, म्हणूनच अनेकांना हा धडा संशयास्पद वाटतो. संस्कृती ही निष्ठेची कसोटी ठरली, की पहिली हानी संस्कृतीचीच होते.