एक वाफा वर्गाचा



"अभ्यास कर, नाहीतर ढोरं वळावी लागतील!" हे वाक्य तुमच्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. खेड्यात तर ते शेतकरी आईवडीलच आपल्या मुलांना ऐकवतात. त्यामागे मुलांविषयीची कळकळ असते. उन्हातान्हात राबायचे आणि पावसाने दगा द्यायचा, किंवा पीक चांगले यायचे आणि बाजारात भाव पडायचा, हे ज्यांनी सोसले त्यांना मुलाच्या वाट्याला ते नको असे वाटणारच. परंतु या वाक्यात एक मोठा गैरसमज दडलेला आहे. ज्याला अभ्यास जमत नाही त्याने शेती करावी, असा तो गैरसमज!

मला नेमके याच्या उलट सांगायचे आहे. अन्न पिकवणे हा अभ्यासाचा विषय आहे. तो शाळेतच, विज्ञानाच्या तासाला, हाताला माती लावून शिकायला हवा. त्यासाठी प्रत्येक वर्गाचा स्वतःचा एक वाफा असायला हवा.

शेतकऱ्याचा पेपर

शेतकऱ्याला दरवर्षी कोणते प्रश्न सोडवावे लागतात ते पाहा. पहिल्या पावसावर पेरावे की थांबावे? जमिनीत ओल किती खोल गेली आहे? घरचे बियाणे उगवेल का? पान पिवळे पडले ते नत्र कमी पडल्यामुळे, की मुळाशी पाणी साचल्यामुळे? दिसलेली अळी पिकाची शत्रू की मित्र? या प्रश्नांत भौतिकशास्त्र आहे, रसायनशास्त्र आहे, जीवशास्त्र आहे आणि गणितही आहे. शिवाय हा पेपर चुकला तर वर्षाची कमाई जाते आणि फेरपरीक्षा थेट पुढच्या हंगामात!

हा पेपर दिवसेंदिवस अवघड होत चालला आहे. कृषिगणनेनुसार १९७०-७१ साली महाराष्ट्रातील एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टरवर आली. म्हणजे आजोबांच्या तुलनेत नातवाला एक तृतीयांशाहूनही कमी जमिनीवर संसार चालवायचा आहे. जमीन कमी झाली तर ज्ञान वाढायला नको का? आणि हुशार मुलांनी शेतीकडे पाठ फिरवायची असे ठरले, तर ते वाढवणार कोण?

ताटातला भूगोल

शहरातल्या मित्रांना वाटेल, हे सारे खेड्यातल्या मुलांसाठी आहे. तर मग आज जेवताना आपल्या ताटाकडे नीट पाहा आणि एका कागदावर लिहा: यातला कोणता पदार्थ कोठून आला? भाजी फोडणीला टाकली ते तेल कशाचे? आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल परदेशांतून येते आणि त्यात इंडोनेशिया व मलेशियातील पामतेलाचा वाटा मोठा असतो. वरणातली तूर कदाचित आपल्या मराठवाड्यातली असेल, कदाचित म्यानमारमधून किंवा आफ्रिकेतील मोझांबिकमधून बोटीने आलेली असेल. वाण्याला विचारा, भाजीवालीला विचारा, आईला विचारा. काही पदार्थांपुढे प्रश्नचिन्हच राहील. तेही तसेच लिहून ठेवा.

दूरचे अन्न वाईट असे मी म्हणत नाही. दुष्काळाच्या वर्षी दूरच्या धान्यानेच आपल्याला जगवले आहे. परंतु आपल्या तालुक्यात काय पिकते, कोणत्या महिन्यात पिकते आणि काय पिकायचे थांबले, हे ज्याला माहीत नाही तो आपल्या जेवणाबाबत परावलंबी होतो. श्रावणात मिळणारी करटोली आणि टाकळ्याची भाजी ओळखणारे तुमच्या वर्गात किती जण आहेत? आजीला विचारा. ती दहा नावे सांगेल. ती नावे लिहून घ्यायला हीच वेळ आहे.

वाफ्यात घडलेले शोध

प्रयोगशाळा म्हटले की काचेच्या नळ्या आणि पांढरे कोट डोळ्यांसमोर येतात. पण आनुवंशिकतेचे नियम सापडले ते मठाच्या बागेत. आजच्या चेक प्रजासत्ताकातील ब्रनो शहरात ग्रेगॉर मेंडेल या धर्मगुरूने १८५६ ते १८६३ अशी आठ वर्षे वाटाण्याची रोपे लावली. संकरापासून मिळालेल्या पुढच्या पिढीतील दाणे त्याने एकेक करून मोजले. गोल दाणे भरले ५४७४ आणि सुरकुतलेले १८५०. भागाकार करून पाहा, उत्तर जवळजवळ ३ येते! मेंडेलजवळ ना सूक्ष्म यंत्रे होती, ना मोठा निधी. त्याच्याजवळ होता वाफा, चिकाटी आणि नोंदवही.

आपल्या जवळचेही उदाहरण आहे. सर आल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला काम करीत होते. शेतातला काडीकचरा आणि शेण यांचे थर रचून, ओल आणि हवा सांभाळून उत्तम खत तयार करण्याची पद्धत त्यांनी तेथे बसवली. जगभर ती 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. भारतातील शेतकऱ्यांना हॉवर्ड आपले गुरू मानत. शेतकऱ्याचा अनुभव आणि शास्त्रज्ञाचे मोजमाप एकत्र आले म्हणून ती पद्धत उभी राहिली.

वाफ्यात काय कराल?

तीन मीटर लांब आणि एक मीटर रुंद जागा पुरे. जागाच नसेल तर गच्चीवर जुनी घमेली, डबे किंवा पोती चालतील. मात्र तळाला भोके पाडायला विसरू नका. आता काही प्रयोग पाहा.

पहिला प्रयोग गाठींचा. वाफ्याचे दोन भाग करा. दोन्हींत चवळी पेरा. एका भागात फक्त कुजलेले शेणखत घाला. दुसऱ्या भागात शेणखताबरोबर थोडा युरिया द्या. फुले येऊ लागली की प्रत्येक भागातील पाच रोपे मुळांसह अलगद खणून काढा आणि पाण्यात धुवा. मुळांवर बारीक गाठी दिसतील. त्यांत राहणारे रायझोबियम जीवाणू हवेतील नत्र पकडून रोपाला देतात. गाठी मोजा, काही गाठी नखाने फोडा. आतून गुलाबी असलेली गाठ काम करीत आहे असे समजा. हा रंग आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनसारख्याच एका द्रव्याचा असतो! कोणत्या भागात गाठी जास्त आहेत? आयता नत्र मिळाला की रोप जीवाणूंना फारसा थारा देत नाही, हे तुमच्या आकड्यांतून दिसते का ते पडताळा.

दुसरा प्रयोग भोपळ्याचा. लाल भोपळ्याच्या वेलावर नरफुले आणि मादीफुले वेगवेगळी असतात. मादीफुलाच्या खाली इवलासा भोपळा आधीपासूनच दिसतो. दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या दोन मादीकळ्यांवर संध्याकाळी पातळ कापडाच्या पिशव्या बांधा. सकाळी एका फुलाची पिशवी सोडून त्यावर नरफुलातील पराग लावा आणि पिशवी पुन्हा बांधा. दुसरीला हात लावू नका. तिसरे मादीफूल मधमाश्यांसाठी उघडे ठेवा. आठवड्याने तिन्ही फळे पाहा. मधमाश्या नसतील तर भाजीवालीच्या टोपलीतून काय काय नाहीसे होईल, याचे उत्तर पाठ्यपुस्तकापेक्षा स्पष्टपणे मिळेल.

तिसरा प्रयोग तर घराच्या थेट उपयोगाचा आहे. २०२० च्या खरिपात मराठवाडा आणि विदर्भात पेरलेले सोयाबीन अनेक ठिकाणी उगवलेच नाही आणि शेतकऱ्यांवर दुबार पेरणीची वेळ आली. सोयाबीनच्या दाण्याचे आवरण नाजूक असते. पोती आपटली, दाणे ओलसर राहिले की उगवण घटते. म्हणून पेरणीपूर्वी उगवण तपासावी लागते. त्याला लागते काय? ओल्या गोणपाटाचा तुकडा आणि न निवडता घेतलेले १०० दाणे. दाणे दहादहाच्या ओळींत मांडा, गोणपाटाची गुंडाळी करा, सावलीत ठेवून ती ओलसर राखा. सहा-सात दिवसांनी चांगले कोंब आलेले दाणे मोजा. सत्तर किंवा अधिक आले तर बियाणे पेरायला योग्य. त्याहून थोडे कमी असेल तर बियाण्याचे प्रमाण वाढवावे लागेल आणि फारच कमी असेल तर ते पेरूच नये. आठवीतला मुलगा किंवा मुलगी हे सहज करू शकते आणि घरचे हजारो रुपये वाचवू शकते. मग "अभ्यास कर, नाहीतर..." हे वाक्य त्या घरात कोण उच्चारील?

घोषणा नको, मोजमाप हवे

शाश्वत शेती, म्हणजे जमिनीचा कस पुढच्या पिढीसाठी राखून केलेली शेती. हा शब्द आता सर्वत्र ऐकू येतो. पण नुसत्या शब्दाने पीक येत नाही. शेजारच्या श्रीलंकेचे उदाहरण घ्या. तेथील सरकारने एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर एकदम बंदी घातली. साऱ्या देशाला पुरेल एवढे सेंद्रिय खत तयार नव्हते. भाताचे उत्पादन घसरले, तांदूळ आयात करावा लागला आणि नोव्हेंबरमध्ये बंदी मागे घ्यावी लागली. उद्देश कितीही चांगला असला तरी आधी लहान क्षेत्रावर प्रयोग, मग मोजमाप आणि मग पाऊल, ही विज्ञानाची रीत सोडून चालत नाही. उलट बाजूने, खताची पोती ओतत राहायचे आणि मातीकडे पाहायचेच नाही, हीसुद्धा अंधश्रद्धाच. तुमच्या वाफ्याचे दोन भाग या दोन्ही चुकांपासून तुम्हाला वाचवतील.

आपल्याकडे ही रीत पाळणारी माणसे झाली आहेत. गणित शिकवणारे श्री. अ. दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला. त्यात तासगावच्या द्राक्षबागाईतदारांसारखे शेतकरी स्वतः प्रयोग करीत आणि आपले निष्कर्ष एकमेकांना कळवीत. डॉ. श्री. शं. कलबाग हे अन्नतंत्रज्ञ मोठ्या उद्योगातील संशोधन सोडून पुणे जिल्ह्यातील पाबळला गेले. तेथे त्यांनी १९८३ साली 'विज्ञान आश्रम' सुरू केला. मुलांनी हाताने काम करीत विज्ञान शिकावे, हा त्यांचा आग्रह होता. आणि अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे! त्या कधी शाळेत गेल्या नाहीत. पण वाल, घेवडा, भात अशा पिकांचे गावरान वाण त्यांनी जिवापाड जपले, वाढवले आणि वाटले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शाळेत न गेलेल्या बाईंनी बियांची एवढी मोठी शाळा उभी केली, तर शाळेत जाणाऱ्या आपल्याला एक वाफा जड का व्हावा?

शिक्षकांसाठी दोन शब्द

"अभ्यासक्रम पुरा होत नाही, त्यात हे कुठून?" असे शिक्षक विचारतील. प्रश्न रास्त आहे. पण परागण, नत्रचक्र, आनुवंशिकता, सरासरी आणि शेकडेवारी हे सारे अभ्यासक्रमातच आहे. वाफा म्हणजे या धड्यांचे प्रात्यक्षिक. पाण्याची ओरड असेल तर मुलांनी हात धुतलेले साधे पाणी वाफ्याकडे वळवता येईल. उन्हाळ्याची सुट्टी ही खरी अडचण आहे. म्हणून जूनमध्ये पेरावे, दिवाळीपर्यंत चवळी-भोपळ्याचा हिशेब संपवावा. मग हिवाळ्यात मेथी-पालक घ्यावा आणि मार्चपूर्वी वाफा रिकामा करावा.

एक मात्र कळकळीची विनंती. उशिरा आलेल्या किंवा गृहपाठ न केलेल्या मुलाला शिक्षा म्हणून गवत उपटायला पाठवू नका. त्या एका शिक्षेने वर्षभराचा धडा पुसला जाईल. तसेच खणायला ठरावीक मुले, पाणी घालायला मुली आणि नोंदी लिहायला हुशार विद्यार्थी, अशी वाटणीही नको. प्रत्येकाच्या हाती कुदळही यावी आणि पेन्सिलही.

मित्रमैत्रिणींनो, तुमच्यापैकी सगळे शेतकरी होणार नाहीत आणि व्हायलाही नकोत. कोणी डॉक्टर होईल, कोणी बँकेत पीककर्जाचे अर्ज तपासील, कोणी कायदे करील. पण ज्याने एकदा स्वतः पेरलेल्या चवळीच्या गाठी मोजल्या, तो शेतकऱ्याच्या प्रश्नाला अडाण्याचा प्रश्न म्हणणार नाही. आणि तुमच्यातला जो शेती करील, तो नाइलाजाने नव्हे, तर समजून उमजून करील.

तेव्हा उद्या वर्गात हा लेख वाचून दाखवा, शाळेच्या आवारात जागा शोधा आणि एक कोरी वही घ्या. पहिल्या पानावर तारीख, पेरलेल्या बियांची संख्या आणि बी कोणाकडून आणले ते लिहा. पुढची पाने वाफाच भरील.